पुस्तकाचा गठ्ठा कोणी उचलायचा

वारणेच्या खोऱ्यात, शिराळा तालुक्यातल्या एखाद्या गावात बसून कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला आज कोणाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. हस्तलिखित टाइप करून घेतलं, मुखपृष्ठ करून घेतलं, कराड किंवा कोल्हापूरचा छापखाना गाठला की पुस्तक निघतं. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाने चालणाऱ्या सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो, आणि लेखकाला तो स्वतःच्या नावावरही घेता येतो. छापायचं नसेल तर किंडल आहे, प्रतिलिपी आहे. आधीच्या कुठल्याच पिढीच्या हाती ही मोकळीक नव्हती. तरीही या भागातले लिहिते लोक एकत्र जमले की पहिला विषय लिहिण्याचा निघत नाही. कोणाकडून काढलंस, किती प्रती गेल्या, प्रकाशनाला कोण आलं होतं, इथून बोलणं सुरू होतं आणि पुष्कळदा तिथंच संपतं. पुढची कादंबरी कशावर आहे, हे विचारायचं राहून जातं.

हे राहून जाणं मला गंभीर वाटतं. म्हणून हा सगळा प्रश्न एकदा नीट मांडून पाहावा असं वाटलं: कादंबरीकाराने स्वतः छापावं का, स्वतः विकावं का, की हे सगळं बाजूला ठेवून फक्त लिहावं?

यात तीन निराळी कामं आहेत. कादंबरी लिहिणं हे पहिलं, तिचं पुस्तक करणं हे दुसरं आणि ते पुस्तक वाचकाच्या घरी पोचवणं हे तिसरं. आपण दुसरं आणि तिसरं एकत्र बांधून त्याला 'प्रकाशन' म्हणतो आणि मग ते सगळंच्या सगळं पहिल्याच्या विरोधात उभं करतो. खरी अडचण कळायची असेल तर तिन्ही कामं सुटी करून पाहायला हवीत, कारण या मुलखात ती वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या प्रकारे केलेली आहेत.

पुस्तक करणं हे लेखकाला कमीपणा आणणारं काम आहे असं आपल्या परंपरेने कधी मानलेलं नाही. शिराळ्यातला मारुती हा समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक. त्याच समर्थांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं, सुटं आणि काळं असावं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ते सारखं राहावं, तरुणपणी फार बारीक लिहू नये कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही, पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी म्हणजे कागद झिजला तरी अक्षराला धक्का लागणार नाही, ठिकठिकाणचे बरू जमवावेत, असं सगळं त्यात सांगितलं आहे. आज याच गोष्टींना मांडणी, समास आणि टाइपाचा आकार म्हणतात. ज्याने ग्रंथ रचला त्यानेच तो टिकेल कसा आणि दुसऱ्याला वाचावासा वाटेल कसा याचाही विचार केला.

महात्मा फुल्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. १८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याचे सुरुवातीचे भाग 'दीनबंधू'त आले आणि पुढचे भाग छापायला संपादक लोखंड्यांनी नकार दिला. पण फुले छापखान्यावर अवलंबून राहिलेच नव्हते. पुण्यात, मुंबईत, ठाण्यात, जुन्नर-ओतूरसारख्या ठिकाणी आणि बडोद्याला सयाजीराव महाराजांसमोरही त्यांनी तो ग्रंथ स्वतः वाचून दाखवला होता. ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्यापैकी बहुतेकांना वाचता येत नव्हतं, तेव्हा त्यांना ऐकवणं हाच पुस्तक पोचवण्याचा खरा मार्ग होता. संपूर्ण 'असूड' छापून यायला त्यांच्या मृत्यूनंतर बरीच वर्षं जावी लागली. मधल्या काळात तो जिवंत राहिला यात हस्तलिखिताइतकाच या वाचनांचा वाटा असला पाहिजे, असं मला वाटतं.

कादंबरीच्या बाजूने पाहिलं तर हरिभाऊ आपट्यांचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. मराठी कादंबरीला ज्याने तारुण्यात आणलं त्याने १८९० मध्ये 'करमणूक' हे स्वतःचं साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यात क्रमशः दिली. म्हणजे लेखक, संपादक आणि प्रकाशक एकच. दर आठवड्याला वाचक वाट पाहत असे, आणि लिहिणाऱ्यालाही सबब सांगायची सोय नव्हती. विक्रीच्या गरजेने इथं लेखनाला मारलं नाही, उलट त्याला शिस्त लावली. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी मंडळ लिमिटेड केलं, भाग खपवले, वर्गणीदार जमवले, गावोगाव हिंडले आणि तेवीस खंड पुरे केले. वर 'ब्राह्मणकन्या'सारख्या कादंबऱ्याही लिहिल्या. आपण हे काम कसं उभं केलं याचा हिशेब त्यांनी 'माझें बारा वर्षांचें काम' या पुस्तकात मांडला आहे. स्वतःचं पुस्तक विकायला निघालेल्या प्रत्येक लेखकाने तो वाचावा. जगात इतरत्रही असंच दिसतं. वॉल्ट व्हिटमनने १८५५ मध्ये 'लीव्हज ऑफ ग्रास' स्वखर्चाने काढलं आणि त्याची परीक्षणंही निनावीपणे स्वतःच लिहिली. यातला पहिला भाग घेण्यासारखा आहे, दुसरा सोडून देण्यासारखा.

आता अण्णा भाऊ साठे. या खोऱ्यात हा प्रश्न निघाला की त्यांच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वाटेगाव वाळवा तालुक्यात, शिराळ्यापासून काही कोसांवर. १ ऑगस्ट १९२० चा जन्म. शाळा दीड दिवसाची. आईवडिलांबरोबर पायी मुंबई गाठली, गिरणीत आणि मिळेल तिथं राबले, माटुंग्याच्या लेबर कँपात वाढले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. कादंबरीकार म्हणून नाव होण्याआधी कितीतरी वर्षं हा माणूस स्वतःचं लिखाण स्वतः लोकांपुढे नेत होता: डफावर, गिरणीच्या फाटकाबाहेर, कामगार मैदानावर. 'स्टालिनग्राडचा पोवाडा' असो की संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली छक्कड असो, त्यांचं लिहिणं आणि पोचवणं एकाच दमात चाललेलं होतं. कलापथकावर सरकारी बंदी आली तरी ते थांबलं नाही.

त्यांच्याही आधी याच वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, यांनी स्वतःच्या लावण्यांसाठी स्वतःचा फड उभा केला होता. रचनाकाराने आपलं कवन घेऊन बोर्डावर उभं राहायचं, आवडलं तर 'दौलतजादा' घ्यायची, नाही आवडलं तर तिथंच कळतं, ही इथल्या मातीतली जुनी रीत आहे. तेव्हा आजच्या लेखकाने मोबाइलसमोर उभं राहून आपल्या कादंबरीबद्दल दोन शब्द बोलण्यात परकं किंवा हलकं असं काही नाही.

पण या दोघांच्या आयुष्याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये पुण्यात हलाखीत गेले. अण्णा भाऊंची 'फकिरा' १९५९ ची. वि. स. खांडेकरांची तिला प्रस्तावना, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला ती अर्पण केलेली, १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार. तिच्यावर सिनेमा निघाला, तसेच 'वैजयंता', 'वारणेचा वाघ' आणि इतरही कथा-कादंबऱ्यांवर निघाले. रशियात त्यांची नावाजणी झाली, १९६१ मध्ये ते तिथं जाऊनही आले. पस्तीसच्या घरात कादंबऱ्या, शिवाय कथासंग्रह, वग, पोवाडे. आणि एवढं लिहिणारा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिला, शेवटची वर्षं ओढगस्तीत काढून १८ जुलै १९६९ ला वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी गेला.

लोकांपर्यंत पोचण्यात ते कुठेच कमी पडले नव्हते. त्यांच्याइतका वाचक-श्रोता फार थोड्या मराठी लेखकांना मिळाला. कमी पडली ती मधली व्यवस्था: हक्काचा कागद, हिशेबाची वही, दरवर्षी ठरल्या तारखेला येणारी रॉयल्टी. म्हणून 'मार्केटिंग शिका, सगळं ठीक होईल' हा सल्ला मला अपुरा वाटतो. प्रसिद्धी आणि मोबदला यांच्यात आपोआप जोडणारा पूल नसतो. तो बांधावा लागतो, आणि एकट्या लेखकाला तो बांधता येत नाही.

उलट बाजूला 'फक्त लिहिणारे' आहेत, आणि त्यांची नावं आपण आदराने घेतो. धारवाडला महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी सभा-संमेलनांपासून लांब राहिले. 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याच्या पात्रतेवरून चर्चा सुरू झाली आणि त्यांनी तो परत केला. कोल्हापुरात जन्मलेले अरुण कोलटकर तर जाहिरात क्षेत्रातले नामवंत कलादिग्दर्शक. जगाचा माल विकण्याची कला अवगत असलेल्या या माणसाने स्वतःचा माल गाजवायला ती वापरली नाही. १९७७ मध्ये पहिला मराठी संग्रह आला, पुढचे यायला २००३ उजाडलं, आणि तेही अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाकडून, म्हणजे मित्राच्या हातून.

या दोघांच्या निःस्पृहतेबद्दल मला अपार आदर आहे, पण ती जशीच्या तशी शिराळ्याच्या नव्या लेखकाला घालून देणं अन्यायाचं आहे. जी.एं.ना दरमहा पगार होता. त्यांच्यामागे पॉप्युलर आणि मौज अशी घरं होती. कोलटकरांना शहाणे होते, आणि इंग्रजी 'जेजुरी'साठी कवींनी मिळून चालवलेलं क्लिअरिंग हाउस होतं. नुसतं लिहीत बसणं ही चैन कोणीतरी दुसरा गठ्ठा उचलत असतो तेव्हाच परवडते. मराठीतली बहुतेक चांगली कादंबरी मास्तरच्या, कारकुनाच्या, अधिकाऱ्याच्या पगारावर उभी राहिली आहे. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते, विश्वास पाटील प्रशासकीय सेवेत होते, पन्हाळ्याचे कृष्णात खोत शिक्षक. पगार हाच मराठी लेखकाचा पहिला प्रकाशक, असं म्हटलं तरी चालेल. ज्याला तो नाही, जो दोन एकर ऊस आणि चार जनावरं सांभाळून लिहितो, त्याला 'तू फक्त लिही' असं सांगायचा अधिकार आपल्याला नाही.

आता दुसरं काम, पुस्तक करण्याचं. लेखक स्वतः छापतो तेव्हा पैशांपेक्षा मोठं काहीतरी गमावतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. तो गमावतो पहिला परखड वाचक. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांचं जे दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलं आहे, ते कादंबरीकाराला किती खोलवर जाब विचारता येतो याचा नमुना आहे. 'सत्यकथा' मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथेवर लेखकाशी पत्रव्यवहार करत, पुन्हा लिहायला लावत. या दारातून सगळ्यांना प्रवेश नव्हता, हेही तितकंच खरं. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला आणि सायक्लोस्टाइल करून आपली नियतकालिकं काढली, ती या बंद दारामुळेच. स्वप्रकाशनाने दार मोडलं हे चांगलं झालं. पण दाराआड बसलेला कान देऊन वाचणारा माणूसही त्याबरोबर गेला. तो परत आणायला हवा.

तो नसला की काय होतं ते एका पानावर दाखवता येईल. शिराळ्याकडचा माणूस 'गेलतो', 'आलती' असं बोलतो. लेखकाने संवादात तसं लिहिलेलं असतं. टायपिंग करणारा सवयीने तिसऱ्या पानावर 'गेलो होतो' करतो, सातव्या पानावर तसंच ठेवतो, आणि दोनशे पानांत एकच पात्र दोन मुलखांची मराठी बोलायला लागतं. जुन्या श्रीलिपी फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये घेताना 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो, 'पुऱ्या'चा 'पुर्या'. मग छापखान्यातून फोन येतो: एक फॉर्म सोळा पानांचा, तुमची पानं दोनशे, म्हणजे साडेबारा फॉर्म, एकशे ब्याण्णव करा नाहीतर दोनशे आठ. घाईत असलेला लेखक आठ पानं कापतो. कुठली? जी कापायला सोपी, ती. सुगीच्या वर्णनाचं प्रकरण जातं, आणि पुढे त्या सुगीचा उल्लेख आला की वाचक मागची पानं उलटून शोधत राहतो. यातली एकही चूक प्रतिभेची नाही. तिघांनी लक्ष घालून करायचं काम एकट्याच्या अंगावर पडल्याची ही खूण आहे.

म्हणून स्वतः छापणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असं की मुखपृष्ठाच्या जाड कागदावरचा, लॅमिनेशनवरचा आणि प्रकाशन समारंभातल्या शाल-श्रीफळावरचा पैसा कमी करा आणि तो संपादकाला आणि मुद्रितशोधकाला द्या. ही माणसं पुण्या-मुंबईतच असतात असं नाही. कराड, सांगली, कोल्हापूरच्या महाविद्यालयांतले निवृत्त मराठीचे प्राध्यापक आहेत, जुन्या दैनिकांतले उपसंपादक आहेत.

पैशांचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. समजा दोनशे आठ पानांची कादंबरी, किंमत ३०० रुपये. प्रकाशकाने काढली आणि दहा टक्के रॉयल्टी दिली तर प्रतीमागे ३० रुपये. हजाराची आवृत्ती संपली तर ३०,०००, आणि ती संपायला काही वर्षं लागू शकतात. स्वतः पाचशे प्रती काढल्या, छपाई प्रतीमागे ९० रुपये पडली आणि टायपिंग, शोधन, मुखपृष्ठ मिळून २०,००० लागले, तर खर्च ६५,००० झाला. वीस टक्के सवलत देऊन हातोहात विकली तर पावणेतीनशेच्या आत पैसे निघतात. दुकानदार-वितरकाला निम्मी किंमत सोडावी लागली तर साडेचारशेच्या आसपास. आकडे तुमच्या छापखान्याप्रमाणे बदलतील, पण गणिताचं रूप हेच राहील: हाताने विकलं तरच स्वप्रकाशन परवडतं. आणि पावणेतीनशे प्रती हाताने विकायच्या म्हणजे पावणेतीनशे माणसांशी बोलायचं, पत्ते घ्यायचे, खोकी चिकटवायची, पोस्टात जायचं. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत पुस्तक टपालाची जुनी स्वस्त सोय बंद केली तेव्हा छोट्या प्रकाशकांचं कंबरडं मोडलं. मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं आहे, त्याचे नियम पाहून घ्यावेत. प्रकाशकाच्या नावाखाली लेखकाकडूनच पैसे घेऊन वर तीनशे प्रती त्याच्याच गळ्यात मारायच्या, हाही प्रकार सर्रास चालतो. त्यापेक्षा उघडपणे स्वतः छापणं शंभर पटीने चांगलं. तिथं निदान हक्क आणि हिशेब आपल्या हातात राहतो.

काही दरवाजे मात्र बहुतेक स्वप्रकाशक ठोठावतच नाहीत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचे पहिले अध्यक्ष वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात गावोगावी अनुदानित वाचनालयं उभी आहेत आणि शासनमान्य यादीत पुस्तक गेलं तर ती खरेदी करू शकतात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या मोठ्या ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. स्वतः छापणारे हे विसरतात, आणि पन्नास वर्षांनी कोणी शोधायला गेलं तर ती कादंबरी कुठल्याच नोंदीत सापडत नाही. शिराळ्यातल्या माणसाने लिहिलेलं शिराळ्याबाहेर कायमचं टिकण्याची ही एवढी सोपी वाट सोडून देऊ नये.

तिसरं काम प्रसिद्धीचं. त्यात वेळ जातो ही तक्रार सगळे करतात आणि ती खरी आहे. माझी काळजी वेगळी आहे. प्रसिद्धी हळूहळू विषय ठरवायला लागते. बत्तीस शिराळा म्हटलं की बाहेरच्या माणसाला नागपंचमीच आठवते. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांच्या जुन्या प्रथेला आळा बसला, तरी छायाचित्रं अजून फिरतात. इथल्या कादंबरीकाराला जो भेटेल तो नागावर लिही म्हणून सांगतो. मुखपृष्ठावर फणा असला की रील चालते. चांदोलीच्या धरणाखाली गेलेली गावं, मुंबईच्या गिरण्यांतून परत आलेली माणसं, डोंगरकडेच्या वाड्यांतल्या बायकांचं एकटं रानकाम, या गोष्टी चाळीस सेकंदांत सांगता येत नाहीत. पण कादंबरीचं खाद्य तेच आहे. कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेल्या गावाची आणि मागे राहिलेल्या म्हशींची ती गोष्ट. आधी 'काय चालतं' याचा अंदाज घेऊन कोणी ती लिहायला बसलं असतं असं मला वाटत नाही.

तेव्हा प्रसिद्धीला माझा विरोध नाही, तिने पुस्तकाआधी येण्याला आहे. कादंबरी पुरी होऊन छपाईला जाईपर्यंत तिच्याबद्दल बाहेर शब्द काढू नये. बाहेर आली की एक हंगाम, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत म्हणा, मनापासून हिंडावं: पलूस तालुक्यात औदुंबरला संक्रांतीच्या सुमारास साहित्य संमेलन भरतं तिथं जावं, महाबळेश्वरजवळच्या भिलारला, २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' झालेल्या त्या गावात, प्रत ठेवावी, शाळा-महाविद्यालयांत जावं, फुल्यांसारखं एक प्रकरण मोठ्याने वाचावं. विकण्याआधी वाचून दाखवावं. ऐकणारा जिथं चुळबुळ करतो ते पान पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येतं. प्रतिलिपी, किंडल, स्टोरीटेल यांचा उपयोगही याच हंगामात करावा. ऐकण्याच्या माध्यमात तर गावरान संवादांना पुन्हा आवाज मिळतो आणि डोळे थकलेल्या वाचकालाही कादंबरी मिळते. संक्रांत झाली की फोन बाजूला ठेवून पुन्हा लिहायला बसावं.

पण हे सगळं एकेकट्याने किती दिवस करायचं? मला सगळ्यात जास्त खंत याची वाटते की सांगली-साताऱ्यात, जिथं साखर, दूध, सूत, पाणी सगळं सहकारातून उभं राहिलं, तिथं लेखकांची एकही भक्कम सहकारी संस्था नाही. शिराळ्यातच चिखलीला विश्वास कारखाना आहे, नदीपलीकडे वारणा समूह आहे. ऊस एकट्याने गाळता येत नाही हे इथल्या शेतकऱ्याला तीन पिढ्यांपूर्वी कळलं. केरळात कोट्टयमला १९४५ मध्ये बारा लेखकांनी एकशे वीस रुपयांच्या भांडवलावर साहित्य प्रवर्तक सहकारी संघ काढला, तीस टक्क्यांपर्यंत रॉयल्टी दिली, विक्रीसाठी नॅशनल बुक स्टॉल चालवला, आणि मल्याळम लेखकाला लिहिण्यावर जगता येऊ शकतं हे दाखवलं. आपल्याकडे १९७५ नंतर ग्रंथालीने वाचक चळवळ म्हणून आधी वर्गणीदार जमवले आणि मग पुस्तकं काढली. दया पवारांचं 'बलुतं' आणि फलटणच्या लक्ष्मण मानेंचं 'उपरा' त्याच वाटेने आलं. वाचक आधी उभे असले की लेखकाला दारोदार हिंडावं लागत नाही, हे त्या प्रयोगाने सिद्ध केलं.

महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात संस्था नोंदवायला वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा व्यक्ती लागतात. वाळवा, शिराळा, कराड, पाटण, पलूस, कडेगाव एवढे तालुके धरले तरी लिहिते दहाजण सहज निघतील. त्यांना हवा एक पगारी संपादक, एक मुद्रितशोधक, मागणी घेऊन खोकी बांधणारा एकजण, आणि कोरड्या जागी गठ्ठे ठेवायला एक खोली. वर्षाला चार पुस्तकं, चारही आधी एकमेकांसमोर वाचलेली, आणि दर ३१ मार्चला प्रत्येक लेखकाच्या हातात विक्रीचा छापील हिशेब. हाती घेण्यासारखं पहिलं पुस्तकही समोर आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणजे अण्णा भाऊंनी हयातीत प्रसिद्ध केलेलं साहित्य १ जानेवारी २०३० पासून सगळ्यांना छापायला मोकळं होईल. त्या दिवशी बाजारात घाईघाईने काढलेल्या 'फकिरा'च्या आवृत्त्या येतीलच. वाटेगाव-शिराळ्याच्या बोलीतले शब्द, गावं, जोगणीची प्रथा, नात्यांची नावं यांच्या टिपांसह, जुन्या आवृत्त्यांशी ताडून पाहिलेली शुद्ध प्रत काढायची असेल तर टिपा जमवायला जुनी माणसं आहेत तोवरच, म्हणजे आत्ताच बसावं लागेल.